आधी जीप, मग दार

जुन्या जीपला दारं बसवायला काढली की काम लांबतंच. वरची फट बुजवली की खालची उघडते, कुलूप लागलं तर बिजागरी कुरकुरते, आणि डावं दार गुण्यागोविंदानं बसलं तर उजवं अडून बसतं. यात मिस्त्रीचा दोष कमी आणि इतिहासाचा जास्त. ही गाडी जन्मली तेव्हा तिला दारच नव्हतं. दार नंतर आलं, तेही जोडकाम म्हणून. म्हणूनच ते काढता येतं, बदलता येतं आणि बसवताना घामही काढतं. जगभरच्या जुन्या ऑफ-रोड गाड्यांच्या दारांमागच्या या काही गमती आणि काही अगदी कामाच्या गोष्टी.

पट्टा लावा आणि निघा

१९४०च्या जुलैमध्ये अमेरिकी लष्कराला छोटी, हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती आणि तीही ४९ दिवसांत. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीनं हे आव्हान उचललं. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं नकाशे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी मेरीलँडच्या कॅम्प होलाबर्डमध्ये हजर झाली. लष्करानं सुरुवातीला वजनाची अट घातली होती १,३०० पौंडांची, म्हणजे जेमतेम ५९० किलो. एवढ्यात इंजिन, गिअर आणि चार चाकं बसवतानाच मारामार, दारं कुठून आणणार? शिवाय गोळीबार सुरू झाला की सैनिकाला क्षणात बाहेर उडी मारता यायला हवी. पुढे विलीज आणि फोर्डनं मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बांधल्या. प्रत्यक्षात त्यांचं वजन हजार किलोंच्या पुढे गेलं, पण दार काही आलं नाही. दाराच्या जागी एक पट्टा आडवा लावायचा आणि निघायचं. पावसाळी हवेसाठी कॅनव्हासचे पडदे. बस.

खुद्द जीपच्या सीजे मालिकेत काचा खाली-वर होणारी पत्र्याची दारं आणि घट्ट टप घ्यायची सोय झाली ती १९७६च्या सीजे-७ या मॉडेलपासून. तोवर सीजे-५ची दाराची जागा गोलाकार कापलेली असायची. सीजे-७मध्ये ती सरळ झाली तेव्हा कुठे नीट दार बसायला लागलं. म्हणजे युद्धातल्या जीपनंतर तीन दशकांहून जास्त काळानं!

गाडी साडेचारशे पौंड, दारांचे पैसे वेगळे

इंग्लंडची लँड रोव्हर ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. किंमत ४५० पौंड. त्यात काय मिळत नव्हतं ते ऐका: दारं नाहीत, हूड नाही, शेजारच्या सीटची गादी नाही, जादा चाक नाही. सगळं वेगळे पैसे मोजून. लोकांना ते पटलं नसावं, कारण थोड्याच महिन्यांत या वस्तू मूळ किमतीत धरल्या गेल्या.

तिचं दार मात्र मोठ्या हुशारीनं बनवलं होतं. खालचा अर्धा भाग आणि वरचा काचेचा अर्धा भाग वेगवेगळे. बोल्ट सोडले की वरचा भाग उचलून बाजूला. शेतकऱ्याला उन्हाळ्यात अर्ध्या दारानं फिरायची सोय आणि वरची चौकट कुजली तर तेवढीच बदलायची सोय. पुढे १९८०च्या दशकात अखंड दारं आली तरी लष्करी डिफेंडरमध्ये (डिफेंडर हे याच गाडीचं पुढचं नाव) ही दोन तुकड्यांची दारं राहिली. जुनी मापं एवढी टिकून राहिली की आजही हौशी मंडळी या नंतरच्या डिफेंडरची अखंड दारं उतरवून तिथे दोन तुकड्यांची जुनी दारं चढवतात. कुलपाच्या खटक्याची जुळवाजुळव करावी लागते, बाकी दार आपल्या जागी जातं. सोलिहल कारखान्यात या जातीची शेवटची गाडी २९ जानेवारी २०१६ रोजी बाहेर पडली. एवढ्या वर्षांच्या अंतरानं सुटे भाग एकमेकांना जुळणं, ही माझ्या मते या गाडीची सगळ्यात मोठी थोरवी आहे.

आपल्याकडे ही जुनी लँड रोव्हर पाहायची असेल तर दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगला जा. तिथून संदकफूच्या चढावर या गाड्यांनी कित्येक दशकं माणसं आणि सामान वाहिलं आहे.

दोन धातूंचं भांडण

महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून लँड रोव्हरच्या बॉडीला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला गेला. दाराची आतली चौकट पोलादाची आणि वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि तिथेच फसतो. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, मध्ये ओलावा आणि त्यात मिठाचा अंश, असं झालं की विजेच्या बॅटरीत चालते तशी क्रिया सुरू होते. यात झिजतं ते ॲल्युमिनियम. दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड येतात, नखानं खरवडलं की पांढरी भुकटी गळते. आतलं पोलाद आपल्या परीनं गंजत असतं ते वेगळंच.

म्हणून असं जुनं दार विकत घेताना वरचा रंग पाहू नका. दार उलटं करा, पत्रा जिथे चौकटीवर दुमडला आहे ती खालची कड बोटानं चाचपा. पत्रा तिथे फुगलेला असेल तर सरळ पुढचं दार बघा.

माझगाव ते मिशिगन

आपली जीप आली समुद्रावरून, खोक्यांतून. १९४७ मध्ये विलीज जीपचे सुटे भाग मुंबईत आणून माझगावला गाड्या जोडायला सुरुवात झाली. तेव्हा कंपनीचं नाव होतं महिंद्रा अँड महंमद. १९४८ मध्ये ती महिंद्रा अँड महिंद्रा झाली. पुढे सीजे-३बी हे उंच नाकाचं मॉडेल इथं असं रुजलं की त्याच घराण्यातली ‘मेजर’ २०१०च्या सुमारापर्यंत चालत राहिली. वनखातं, पाटबंधारे, पोलीस, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी, निवडणुकीचा प्रचार आणि ‘अजून दोघे बसतील’ म्हणत भरलेली वडाप. महाराष्ट्राचे कच्चे रस्ते या गाडीनं पालथे घातले. बहुतेकींना रेक्झिनचं हूड आणि दाराच्या जागी रेक्झिनचाच पडदा, नाहीतर नुसतीच मोकळी जागा.

आता चाक कसं उलटं फिरलं पाहा. २०१८ मध्ये महिंद्रानं अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी विकायला काढली. भारतातून सुटे भाग पाठवायचे आणि मिशिगन राज्यातल्या ऑबर्न हिल्समध्ये जोडायचे. रॉक्सरलाही दारं नव्हती. जीपची तेव्हाची मालक फियाट क्रायस्लर अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे गेली. ही गाडी आमच्या जीपसारखी दिसते, असा तिचा दावा. सारखेपणाची जी लक्षणं त्यांनी मांडली त्यात चपटं बॉनेट होतं, उभ्या खाचांची जाळी होती, बॉनेटच्या बाहेरच्या कड्या होत्या आणि दाराचा कटही होता! बाजूच्या पत्र्याचा खालचा पट्टा तसाच ठेवून त्याच्या वर दाराची जागा कापायची, ही जीपची ओळख आहे, असं त्यांचं म्हणणं. जून २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला आणि रॉक्सरचं रूप बदलावं लागलं. दार नसलेल्या गाडीच्या दाराच्या जागेवरून दोन देशांच्या कंपन्या भांडल्या, याहून जीपचा मोठा गौरव कोणता?

जगाच्या पाठीवरची दारं

१९६८ मध्ये आलेल्या फ्रान्सच्या सिट्रोएन मेहारीची बॉडी चक्क प्लास्टिकची. दाराच्या जागी एक साखळी.

जर्मनीच्या फोक्सवॅगन १८१ला अमेरिकेत ‘थिंग’ म्हणत. तिचं पुढचं डावं दार मागे उजवीकडे बसतं आणि पुढचं उजवं मागे डावीकडे. चार दारांसाठी दोनच साचे. सुट्या भागांचा हिशेब असा करावा!

फोर्डनं १९६६ मध्ये ब्रॉन्को काढली तेव्हा तिची ‘रोडस्टर’ आवृत्ती बिनदाराची होती. नव्या अवतारात, २०२१ मध्ये, फोर्डनं एक झकास सुधारणा केली. बाजूचे आरसे दारावर न लावता काचेच्या खाली बॉडीवरच लावले. दारं काढली तरी आरसे जागेवर. जीप रँग्लरमध्ये आरसा दारासोबतच निघून जातो आणि मालकाला वेगळा आरसा शोधावा लागतो. पण रँग्लरवाल्यांनीही एक मालकाच्या मनासारखी गोष्ट केली आहे. २०१८ पासूनच्या मॉडेलमध्ये कुठल्या मापाचा पाना लागेल तो आकडा बिजागरीवरच कोरलेला असतो.

मर्सिडीझची जी-क्लास १९७९ पासूनची. २०१८ मध्ये ती जवळजवळ संपूर्ण नवी केली, पण दाराची मूठ जुनीच ठेवली. आणि दार लावताना होणारा तो बंदुकीच्या चापासारखा खणखणीत ‘खट्’ आवाज नव्या गाडीतही तसाच यावा म्हणून मुद्दाम काळजी घेतली.

आणि विदर्भात या. ताडोबात ज्या उघड्या जिप्सीतून वाघ पाहायचा, तिचं दार कमरेपर्यंतचंच. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली, २०१९ मध्ये तिची विक्री थांबली, तरी जंगलात ती अजून आपली जागा राखून आहे.

दार बदलणं जिवाशी आलं तेव्हा

सगळ्याच गोष्टी हसण्याच्या नाहीत. इराकमध्ये २००३ नंतर अमेरिकी सैनिक ज्या हमवी गाड्यांतून फिरत होते त्यांतल्या पुष्कळ गाड्यांची दारं कॅनव्हासची होती. रस्त्यात पुरलेली स्फोटकं फुटायला लागल्यावर सैनिकांनी भंगारातून पोलादी पत्रे शोधून दारांना ठोकले. ८ डिसेंबर २००४ रोजी कुवेतमध्ये एका सैनिकानं हा प्रश्न थेट संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना भर सभेत विचारला आणि तो जगभर गाजला. मग जाड चिलखती दारं आली. ती इतकी जड झाली की गाडी उलटली किंवा चौकट वाकली तर आतल्या माणसाला दार उघडेना. शेवटी दुसऱ्या गाडीनं ओढून दार उपटता यावं म्हणून खास आकडे तयार करावे लागले. दार आत येऊ देतं तसं बाहेरही जाऊ द्यायला हवं. जुन्या जीपला नवी दारं बसवणाऱ्यानंही हे लक्षात ठेवावं: आतली मूठ काम करत नसेल तर दार पूर्ण झालेलं नाही.

आता प्रत्यक्ष कामाला लागू

इथे थोडं थांबू, कारण खरी मजा गॅरेजात आहे.

जुन्या जीपची बॉडी चासीवर रबरी गाद्यांवर बसलेली असते. पंचवीस-तीस वर्षांत ही रबरं चपटी होतात, कुठे नाहीशीच होतात. मग बॉडी एका अंगानं खचते आणि दाराची चौकट तिरकी होते. जाणता डेंटर दाराला हात लावण्याआधी गाडीखाली जातो तो याचसाठी. आधी ही रबरं बदला, बिजागरीचा खांब कुजला असेल तर तो शिवून घ्या, मग दाराचं बोला.

गाडी चार चाकांवर, सपाट जागी, चारही टायरांत सारखी हवा. जॅकवर चढवलेल्या गाडीला दार कधीच बसवू नये. बॉडी तिथे वेगळीच पिळलेली असते. जॅकवर छान बसलेलं दार गाडी खाली उतरवली की अडकतं.

दाराच्या जागेचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा आणि डाव्या बाजूचे आकडे उजवीकडच्या आकड्यांशी ताडून पाहा. फरक दिसला तर नवं दार घासण्याआधी बॉडी सरळ करायची. दार कापून बॉडीच्या वाकडेपणाला जुळवणं हा शॉर्टकट पुष्कळ ठिकाणी मारला जातो आणि तो मला अजिबात मान्य नाही. पुढच्या वेळी कुठलंच दार त्या गाडीला नीट लागत नाही.

बाजारात मिळणारं नवं दार साधारण प्रायमर मारून येतं. त्याला रंग देण्याची घाई करू नका. आधी कोरडं बसवून पाहा. रबर नाही, कुलूप नाही, काच नाही, नुसता सांगाडा. दोन माणसं लागतात. एकानं दार उचलून धरायचं, दुसऱ्यानं बिजागरीचे बोल्ट हातानं फिरवून अर्धवट लावायचे. मग सारख्या जाडीच्या लाकडी चिपा चारही बाजूंच्या फटीत खोचायच्या. दार त्या चिपांवर विसावलं की फट आपोआप सारखी होते. आता बोल्ट आवळा. वरची बिजागरी बाहेर आणायची असेल तर तिच्यामागे पातळ पत्र्याची चकती टाका, दार वरच्या बाजूनं बाहेर येतं.

चांगला मिस्त्री कसा ओळखायचा? तो अर्धवट उघडलेल्या दाराच्या टोकाला हात घालून ते हलकेच वर उचलतो. ‘टक्’ आवाज आला आणि दार हललं की बिजागरीची पिन झिजली. मग दाराची लटक कुलपाच्या खुंटीवर ढकलण्याचा मोह होतो. खुंटी वर सरकवली की दार बंद होताना तिच्यावर चढतं आणि वरवर सगळं ठीक दिसतं. हा सगळ्यात वाईट उपाय. खुंटीनं दार धरून ठेवायचं असतं, उचलायचं नसतं. दार बंद करताना त्याची मागची कड नीट पाहा. शेवटच्या क्षणी ती वर उचलली गेली की काम चुकलं आहे. पिन बदला, खुंटी सगळ्यात शेवटी लावा.

उचलून काढायच्या बिजागऱ्या घरी बनवून घेत असाल तर वेल्डरला एक पिन दुसरीपेक्षा थोडी लांब ठेवायला सांगा. मग लांब पिन आधी भोकात घालायची आणि दुसरी नंतर जुळवायची. दोन्ही सारख्या लांबीच्या असल्या की जड दार हातात धरून दोन भोकांशी एकाच वेळी झटावं लागतं.

सगळं जुळलं की दार उतरवा, रंग द्या, रबर लावा आणि पुन्हा चढवा. नवं रबर ताठ असतं. सुरुवातीला दार जोरात ओढावं लागेल. लगेच खुंटी सैल करू नका, रबर बसायला वेळ द्या. मग कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढून पाहा. सहज निघाली तिथून पाणी आणि धूळ येणार. अडकून फाटली तिथे दाब जास्त. दाराच्या कडेनं वीतवीत अंतरावर हे करत गेलं की कुठे कमी, कुठे जास्त ते हातालाच कळतं.

पाणी दारात येणारच

बऱ्याच जणांना हे खरं वाटत नाही, पण काचेच्या दारात पाणी आत येतं ते ठरवूनच. काच खाली-वर व्हायची म्हणजे तिच्या कडेला फट राहणार. पाऊस काचेवरून ओघळून दाराच्या पोटात जातो आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतो. आतल्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो हे पाणी तुमच्या मांडीवर येऊ देत नाही. जुनं दार उघडताना हा कागद फाडून फेकला जातो, नवं पॅड लावताना तो विसरला जातो आणि पावसाळ्यात गाडीत ओला वास का येतो, याचा शोध सुरू होतो.

कोकणात आणि गोव्यात तर तळाची भोकं हाच दाराचा प्राण. रंगकाम करताना पुट्टी आणि रंगानं ती बुजतात. दार आतून टाकीसारखं भरतं आणि दोन पावसाळ्यांत तळ कुजतो. रंगवलेलं दार ताब्यात घेताना वाकून एवढं पाहा की भोकं दिसतात का. नसतील तर तिथेच उभं राहून तारेनं मोकळी करून घ्या, आणि रंगाआधीच आतून गंजरोधक मारून घेता आलं तर सोन्याहून पिवळं.

कागदपत्रांचं दार

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्हींचा रोख एकच: उत्पादकानं दिलेल्या मूळ रूपात मनमानी बदल चालणार नाहीत. कुजलेलं दार काढून त्याच मॉडेलचं तसंच दार बसवणं ही दुरुस्ती. पण रेक्झिनच्या हूडची गाडी पत्र्याच्या टपाची आणि बंद दारांची करणं हा वेगळा विषय. पैसे खर्च करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. १५ वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करताना गाडीची तपासणी होते, तेव्हा गाडी आणि कागद जुळायला हवेत. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावांत जीप हव्या त्या रूपात बांधून देणारे कसबी कारागीर आहेत, पण त्यांचं कसब तुमच्या आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

ज्यांना पत्र्याचं दार, घट्ट टप आणि जीपचा रुबाब हे सगळं एकत्र हवं आहे, त्यांच्यासाठी २०२० मध्ये आलेली महिंद्राची थार आहे. कारखान्यातूनच बंद टप मिळतं आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला चार तारे मिळाले. जुन्या जीपला कितीही चांगलं दार बसवलं तरी ते अपघातात तसं संरक्षण देणार नाही, कारण त्यामागची चौकट त्यासाठी बनलेलीच नाही. तिचा वेग आणि तिचा रस्ता तसाच ठरवा.

आणि एक विनंती. नवी दारं चढली की जुनी भंगारवाल्याला घालू नका. गंजलेली असली तरी त्यांच्या बिजागऱ्यांची जागा, कुलपाचं माप आणि पत्र्याची वळणं मूळ आहेत. पुढच्या डेंटरला नेमकं माप तिथूनच घ्यावं लागणार आहे. त्यांना तेलाचा हात फिरवा, वर गाडीचं मॉडेल आणि साल रंगानं लिहा आणि माळ्यावर उभी करून ठेवा.